फळ सोडायचं, पण कुणाचं?

आजचं वाचन: भगवद्गीता, अध्याय २, श्लोक ४७
सोबत: अध्याय ३, श्लोक १२ आणि अध्याय १८, श्लोक १४ ते १६



आजचा श्लोक तुम्हा सगळ्यांना पाठ असणार. शाळेच्या भिंतीवर, कॅलेंडरच्या पानावर, रिक्षाच्या मागे, कुणाच्या तरी टी-शर्टवर, सगळीकडे तो भेटतो. तुझा अधिकार कर्मावर आहे, फळावर नाही. इतका ओळखीचा झालाय की आपण तो वाचत नाही, नुसता वापरतो. आणि वापरतो तोही बहुतेक वेळा दुसऱ्यावर.

गेल्या आठवड्यात एका मैत्रिणीचा मेसेज आला. तीन महिने रात्री जागून तिने एक काम उभं केलं होतं. मोठ्या मीटिंगमध्ये तिच्या सिनिअरने ते स्वतःचं म्हणून दाखवलं. शेवटच्या स्लाइडवरसुद्धा तिचं नाव नव्हतं. तिने नंतर विचारलं, तर तो हसत म्हणाला, "अगं, तू तर रोज गीता वाचतेस ना? मग फळाची अपेक्षा कशाला?"

मैत्रिणीने मला दोन प्रश्न विचारले. "त्याचं म्हणणं बरोबर आहे का? आणि मला इतका राग आलाय, म्हणजे माझी साधना कमी पडतेय का?"

मला लगेच उत्तर देता आलं नाही. कारण श्लोक तर त्याने बरोबरच सांगितला होता. अर्थही चुकीचा नव्हता. तरी काहीतरी भयंकर खटकत होतं. ते काय, हे मला एका खुर्चीपाशी थोडं थोडं उलगडलं. म्हणून आज आधी खुर्ची, मग श्लोक.

खुर्चीची गोष्ट

सध्या दर रविवारी मी आमच्या फ्लॅटच्या छोट्या टेरेसवर एक लाकडी खुर्ची बनवतेय. ही खुर्ची तुम्ही फोटोत किंवा सिनेमात नक्की पाहिली असेल. पाठ मागे कललेली, बैठक पुढून उंच आणि मागे उतरती, आणि हात इतके रुंद की एकावर चहाचा कप आणि दुसऱ्यावर पोथी आरामात मावते. ना गादी, ना कोरीव काम. सगळ्या सरळ, सपाट फळ्या. तिला अॅडिरॉन्डॅक खुर्ची म्हणतात.

टिंबर मार्केटमधून सागवानाच्या जुन्या फळ्या आणल्या. कुठल्यातरी पाडलेल्या वाड्याच्या असाव्यात, जागोजागी खिळ्यांची भोकं आहेत. रंधा मारून पाऊण इंच जाडी उरली. बैठकीसाठी साडेतीन इंच रुंदीच्या पट्ट्या, आणि दोन पट्ट्यांमध्ये पाव इंचाची फट. पावसाचं पाणी त्या फटीतून खाली जातं आणि लाकूड फुगलं तरी पट्ट्या एकमेकींना ढकलत नाहीत. स्क्रू स्टेनलेस स्टीलचे, कारण साध्या लोखंडाचे सागवानावर काळे डाग उतरतात. आणि प्रत्येक स्क्रूच्या आधी बारीक ड्रिलने भोक पाडायचं, नाहीतर फळीचं टोक चिरतं.

हे सगळं मला जन्मतः येत होतं असं नाही. नकाशा मी फुकटात उतरवून घेतला. सरळ फळ्या पाहून वाटलं, किती साधी गोष्ट आहे, यात कुणाचं डोकं लागलं असेल? मग शोधत गेले आणि एक गोष्ट हाती लागली.

अमेरिकेत न्यूयॉर्क राज्याच्या उत्तरेला अॅडिरॉन्डॅक नावाचे डोंगर आहेत. त्यांच्या कुशीत, शॅम्प्लेन सरोवराच्या काठी वेस्टपोर्ट नावाचं गाव आहे. तिथे टॉमस ली नावाच्या माणसाचं उन्हाळ्यात राहायचं घर होतं. बाहेर निवांत बसायला धड खुर्ची नाही, म्हणून १९०३ च्या सुमारास त्याने स्वतःच फळ्या कापून, ठोकून वेगवेगळ्या खुर्च्या करून पाहिल्या. घरच्यांना एकेकीवर बसवायचं, काय टोचतं ते विचारायचं, कोन बदलायचा, पुन्हा बसवायचं. असं करता करता अकरा फळ्यांची एक खुर्ची जमली. अकराही फळ्या एकाच लांब फळीतून निघायच्या, असं सांगतात.

लीचा एक मित्र होता, हॅरी बनेल. गावातलाच सुतार. थंडीच्या महिन्यांत त्याच्या हाताला काम नसायचं. लीने त्याला ही खुर्ची दाखवली आणि म्हणाला, या बनव आणि विक, हिवाळ्यात घर चालेल. बनेलने खुर्च्या बनवल्या, त्या खपू लागल्या. आणि १९०४ मध्ये बनेलने तिच्या पेटंटसाठी अर्ज केला, स्वतःच्या नावावर. लीला न विचारता, असं सांगितलं जातं. जुलै १९०५ मध्ये पेटंट मिळालं. पुढची वीसेक वर्षं बनेलने त्या खुर्च्या बनवून विकल्या.

एक गंमत सांगते. त्या पेटंटच्या मजकुरात ही खुर्ची 'बंगलो' पद्धतीची आहे असं म्हटलंय. म्हणजे आपल्याकडचा 'बंगला' शब्द इंग्रजीच्या पाठीवर बसून तिथल्या डोंगरात पोचला होता आणि त्या कागदावर चढला होता. लीचं नाव मात्र चढलं नाही.

वाचून मला बनेलचा राग आला. मैत्रिणीचा सिनिअर आणि हा सुतार एकाच माळेचे मणी वाटले. पण नंतर, पट्ट्या घासता घासता, तो राग जरा निवला आणि प्रश्न सुरू झाले.

बनेलने नक्की काय घेतलं? मजुरी? ती त्याच्या घामाची होती. वीस वर्षं करवत त्याने चालवली, लीने नाही. लीने त्याला काम दिलं ते त्याचं घर चालावं म्हणून, आणि ते चाललं. तेवढं फळ बनेलचंच. जे त्याचं नव्हतं ते एकच: 'ही मला सुचली' असं म्हणणं.

म्हणजे एका कर्माला एकच फळ लागत नाही. त्या खुर्चीला किमान तीन लागली होती. बसायचं सुख, विक्रीचे पैसे आणि कर्तेपणाचं नाव. सुख लीला मिळालं, त्याने मागितलं होतं तेवढंच. पैसे बनेलला मिळाले. आणि नाव? ते तर पुढे दोघांनाही राहिलं नाही. १९३८ मध्ये आयर्विंग वोल्पिन नावाच्या आणखी एकाने पाठीला पट्ट्यांचा पंखा असलेल्या खुर्चीच्या डिझाइनचं पेटंट घेतलं. आज आपण बघतो त्या खुर्च्या बहुतेक त्याच वळणाच्या असतात, माझीही. जग तिला ना लीची म्हणतं, ना बनेलची, ना वोल्पिनची. तिला डोंगराचं नाव आहे.

इतकं भांडण ज्याच्यावरून होतं ते नाव शेवटी डोंगराला गेलं! फळ कुठे जाऊन पडेल हे झाडालाही माहीत नसतं. हे एवढं पाहिलं की २.४७ किती शहाणा श्लोक आहे हे कळतं. फळावर तुझा ताबा नाही, कारण ताबा ठेवता येतच नाही.

'मी बनवली' म्हणजे काय?

अठराव्या अध्यायात भगवंत आणखी खोल जातात. कुठलंही काम घडायला पाच गोष्टी लागतात, असं ते चौदाव्या श्लोकात सांगतात: अधिष्ठान, कर्ता, करण, चेष्टा आणि दैव. नेहमी हे वाचताना मला जरा कोरडं वाटायचं. या वेळी खुर्ची समोर ठेवून वाचलं.

अधिष्ठान म्हणजे आधार, ज्याच्यावर काम उभं राहतं. तत्त्वज्ञानात ते शरीर. माझ्या बाबतीत शरीर तर आहेच, शिवाय ते टेरेस आणि ते सागवान. झाड कुणी लावलं, कुणी तोडलं, कुठल्या वाड्यात ते किती पिढ्या उभं होतं, मला पत्ता नाही. कर्ता म्हणजे मी, पाचातली एक. करण म्हणजे साधनं: करवत, रंधा, गुण्या, ड्रिल मशीन. चेष्टा म्हणजे निरनिराळ्या हालचाली: मोजणं, खूण करणं, कापणं, घासणं. आणि दैव. परवा रविवारी आभाळ भरून आलं आणि तेल लावायचं राहिलं, ते दैव.

मग सोळाव्या श्लोकात ते म्हणतात, एवढं असूनही जो केवळ स्वतःलाच कर्ता समजतो त्याला नीट दिसत नाही. त्याची बुद्धी अजून घडलेली नाही.

मी टेरेसवरचा अर्धवट खुर्चीचा फोटो स्टोरीला टाकला तेव्हा धडाधड हार्ट आले. 'वा, तू बनवलीस?' हो, मी बनवली. पाच भागांतला एक भाग. त्यातही नकाशा दुसऱ्याचा, कोन तिसऱ्याने जमवलेला आणि मागचे पाय चौथ्याने कापलेले.

त्या चौथ्याबद्दल सांगायलाच हवं.

'द्या काय द्यायचं ते'

या खुर्चीत एक अवघड भाग असतो. मागचा पाय आणि बैठकीचा आधार हे वेगळे नसतात. एकच लांब तुकडा बैठकीच्या पुढच्या टोकापासून तिरका उतरत मागे जमिनीला टेकतो. असे दोन तुकडे हवेत, हुबेहूब सारखे, आणि वरच्या कडेला बैठकीचं हलकं वळण. हातकरवतीने ते वळण काढणं माझ्या आवाक्यातलं नव्हतं. आमच्या गल्लीच्या टोकाला एका सुतारकाकांचं वर्कशॉप आहे. मी पुठ्ठ्याचा साचा कापून त्यांच्याकडे गेले.

काकांनी साचा हातात घेतला, उलटा-सुलटा करून पाहिला आणि पेन्सिलीने एका जागी रेघ मारली. "ताई, इथे जरा मांस ठेवा. इथेच सगळा भार येतो, रेषा आडवी गेली तर तुटेल." मग लाकडाची रेषा बघून साचा थोडा फिरवून ठेवला, दोन्ही फळ्या एकावर एक घट्ट धरून बँडसॉवरून एकदमच कापल्या. दहा मिनिटांचं काम. वर हेही सांगितलं की पायाच्या तळाला तेल आधी लावा, बाकी अंगाला नंतर. तिथे लाकडाच्या नळ्या उघड्या असतात, पाणी तिथूनच चढतं. आणि तेच नेमकं कुणी बघत नाही.

मी विचारलं, "काका, किती झाले?"

"द्या काय द्यायचं ते. दोनच कट तर आहेत."

मंडळी, हे वाक्य आपण सगळ्यांनी ऐकलंय. चपला शिवणाऱ्या काकांकडून, पूजा सांगायला आलेल्या गुरुजींकडून, माळ ओवून देणाऱ्या मावशींकडून. ते बोलतात तेव्हा त्या क्षणी ते खरंच फळ सोडत असतात. पण चेंडू आता माझ्या हातात असतो. त्यांनी सोडलं म्हणून मी वीस रुपये टेकवून निघू शकते का? 'काका किती निष्काम आहेत ना' असं घरी येऊन कौतुकाने सांगू शकते का?

इथे मला मैत्रिणीच्या सिनिअरचं वाक्य का खटकत होतं ते कळलं.

श्लोकात शब्द आहे 'ते', म्हणजे 'तुझा'. कृष्ण अर्जुनाला सांगतो, तुझा अधिकार. अर्जुनाने तो ऐकायचा आणि 'माझा' म्हणून स्वतःला लावायचा. हा श्लोक आरशासारखा आहे. आरसा स्वतःच्या तोंडापुढे धरायचा असतो. तो फिरवून समोरच्याच्या डोळ्यांवर उन्हाची तिरीप मारायची नसते.

काकांनी स्वतःची मजुरी सोडली, तो त्यांचा त्याग. मी त्यांची मजुरी 'सोडली' तर ती चोरी. सोडणारा कोण आहे, एवढ्यावर सगळा फरक पडतो. आपलं सोडलं तर वैराग्य. दुसऱ्याचं सोडून दिलं तर लूट, आणि तोंडी श्लोक असेल तर आणखी वाईट.

मी काकांना विचारलं, एखादा कॉन्ट्रॅक्टर हेच घेऊन आला असता तर काय लावलं असतं? त्यांनी जरा लाजत आकडा सांगितला. तेवढे दिले. त्यांनी न मोजता खिशात टाकले आणि पुढच्या कामाला लागले.

गीता चोर कुणाला म्हणते

माझ्या मनातलं मी गीतेत घुसडतेय असं वाटू नये, म्हणून तिसऱ्या अध्यायाचा बारावा श्लोक उघडा. यज्ञाने संतुष्ट झालेले देव तुम्हाला हवं ते देतील, असं सांगून भगवंत पुढे म्हणतात की त्यांनी दिलेलं त्यांना परत न देता जो एकटाच भोगतो, तो चोरच. शब्द अगदी सरळ आहे, कुठलंही मखमली आवरण नाही. आणि तेराव्या श्लोकात, जे फक्त स्वतःसाठी शिजवतात ते पाप खातात.

श्लोक देवांबद्दल आहे हे खरं. पण तिथे सांगितलेली रीत एकच आहे. जे मिळालं ते कुणाकडून तरी आलं, आणि ज्याच्याकडून आलं त्याच्याकडे काहीतरी परत गेलं पाहिजे. पाऊस, अन्न, विद्या, कल्पना, मजुरी, सगळ्यालाच ते लागू आहे. मला वाटतं २.४७ आणि ३.१२ हे दोन श्लोक नेहमी जोडीने वाचावेत. पहिला सांगतो, माझं काय आलं नाही ते मोजू नकोस. दुसरा सांगतो, दुसऱ्याचं माझ्याकडे काय आलंय ते मोज. एकच हिशोबाची वही आहे, पण वाचायची बाजू उलटी. आपण नेमकं उलटं करतो. आपलं येणं तोंडपाठ असतं आणि दुसऱ्याचं देणं आलं की निष्काम कर्म आठवतं.

ईशावास्य उपनिषदाचा पहिला मंत्रही असाच आहे. त्यागाने भोग घे, आणि कुणाच्या धनाची हाव धरू नकोस. त्याग आणि दुसऱ्याच्या वस्तूला हात न लावणं, दोन्ही एकाच मंत्रात. ऋषींना बहुधा माहीत होतं की पहिला अर्धा भाग ऐकून लोक दुसऱ्याच्याच वस्तूंचा त्याग करायला निघतील!

मग तिने गप्प बसायचं का?

आता मैत्रिणीचा पहिला प्रश्न. सिनिअरचं चुकलं, ठीक. पण तिने काय करावं? तिने तरी श्लोक स्वतःला लावून शांत राहायला नको का?

मी तिला एवढंच विचारलं: हा श्लोक कुणाला सांगितला? कुठे? ज्याचं राज्य द्यूतात लुबाडलं गेलं, जो तेरा वर्षं वनवास आणि अज्ञातवास भोगून आला, त्या माणसाला. रणांगणावर. 'फळ सोड' याचा अर्थ 'हक्क सोड' असा असता, तर कृष्णाने अर्जुनाला सांगितलं असतं, चल, रथ वळव, घरी जाऊ. अर्जुन स्वतः तेच म्हणत होता. कृष्णाने ते ऐकलं नाही.

आणि त्याच्याही आधी, उद्योगपर्वात, हाच कृष्ण हस्तिनापूरला शिष्टाईला गेला होता. पांडवांचं मागणं तर पाच गावांपर्यंत खाली आलं होतं. फळावर अधिकार नाही असं सांगणारा स्वतः भर सभेत उभा राहून दुसऱ्यांचा वाटा मागत होता. नीट बोलला, समजावून बोलला, घाई केली नाही. यश आलं नाही. तरी गेला, कारण जाणं हे कर्म होतं आणि दुर्योधनाचं उत्तर हे फळ.

श्लोकाचा चौथा भाग आपण नेहमी गाळतो. कर्म न करण्याचीही ओढ लागू देऊ नकोस. भीतीने गप्प बसणं, 'जाऊ दे, कोण वाकडेपणा घेणार' म्हणून गप्प बसणं, याला वैराग्याचा अंगरखा चढवला तरी आत आळस आणि भय तसंच राहतं. खरं काय ते योग्य माणसासमोर, योग्य शब्दांत, पुराव्यासकट मांडणं हे तुझं कर्म. ते खुर्चीच्या सांध्यासारखं नीट कर. पुढे कंपनी मान्य करेल की नाही, अप्रेझलमध्ये दिसेल की नाही, सिनिअर माफी मागेल की नाही, ती फळं. ती रात्री उशाशी घेऊन झोपू नकोस.

दुसरा प्रश्न रागाचा होता. त्यावर माझ्याजवळ एकच कसोटी आहे, मी ती स्वतःलाही लावते. हेच दुसऱ्या कुणाचं झालं असतं, समज टीममधल्या नव्या मुलाचं, तर एवढाच राग आला असता का? आला असता, तर तो राग बराचसा न्यायाचा आहे. त्याला घाबरू नकोस, फक्त त्याच्या हातात गाडी देऊ नकोस. आला नसता, तर तो 'मी'चा आहे. मग बोलायचं ते बोलच, पण आत जाऊन त्या 'मी'शीही बोल.

आणि मग मी तिला एक आगाऊ प्रश्न विचारला. "तुझ्या त्या तीन महिन्यांच्या कामात पाच गोष्टींची यादी केलीस तर कुणाकुणाची नावं येतील?" बराच वेळ निळ्या टिका नुसत्या दिसत राहिल्या. मग तिने लिहिलं की सगळा डेटा एका इंटर्नने साफ करून दिला होता, आणि तिच्या स्वतःच्या ड्राफ्टमध्येही त्याचं नाव नव्हतं. आता मॅनेजरला मेल जाईल तेव्हा दोन नावं जातील, असं तिने ठरवलंय.

मला हे फार आवडलं. कारण एकच नाव गेलं असतं तर ती मागणी झाली असती. दोन गेली की तो न्याय होतो.

तुकोबा गप्प बसले होते का?

वैराग्य म्हटलं की आपल्यापुढे तुकोबा उभे राहतात. कर्जखतं इंद्रायणीत सोडून देणारे, शिवरायांकडून आलेला नजराणा परत पाठवणारे, अशाच त्यांच्या कथा आपण ऐकत आलो. स्वतःचं येणं सोडण्यात त्यांचा हात कुणी धरावा? पण त्याच तुकोबांच्या गाथेत सालोमालोवरचा अभंग आहे. संतांची वचनं मोडून-तोडून आपलीच म्हणून मिरवणाऱ्यांना त्यांनी नाव घेऊन, धारदार शब्दांत सुनावलंय. प्रभातच्या १९३६ च्या 'संत तुकाराम' चित्रपटातला तुकोबांच्या अभंगांवर हक्क सांगणारा सालोमालो ज्यांनी पाहिलाय त्यांना तो लगेच आठवेल.

हा माणूस पैशाला शिवत नव्हता, मग शब्दांच्या चोरीवर एवढा का तापला? मला दिसतं ते असं. ते स्वतःच्या कीर्तीसाठी भांडत नव्हते. कोणाचं कोणाला म्हणायचं यात गोंधळ झाला की सत्यच बिघडतं. ऐकणाऱ्या भोळ्या माणसाची फसवणूक होते. स्वतःपुरतं पाण्यासारखं मऊ आणि दुसऱ्याच्या वाट्यासाठी वज्रासारखं कठीण, हे दोन्ही एकाच माणसात राहू शकतं. किंबहुना खरं वैराग्य असेल तरच राहतं. ज्याला स्वतःसाठी काही नको असतं, त्यालाच दुसऱ्यासाठी न घाबरता बोलता येतं.

लीला त्या खुर्चीवर बसायचं सुख पुरलं असेल, तर तो त्याचा मोठेपणा. पण तो मोठेपणा बनेलच्या कामी येत नाही. बनेलचा हिशोब बनेलने द्यायचा. आणि माझा हिशोब मी. म्हणून या खुर्चीच्या बैठकीखाली, जिथे कुणाचं लक्ष जाणार नाही, तिथे मी पेन्सिलीने लिहून ठेवणार आहे: नकाशाचं मूळ टॉमस लीचं, मागचे पाय सुतारकाकांचे, लाकूड एका वाड्याचं, वर्ष आणि तारीख. माझं नाव लिहायचं की नाही, त्याचा विचार अजून चाललाय!

आजचा संकल्प

आज एकच छोटी गोष्ट करू या. या आठवड्यात तुमच्या नावावर जमा झालेलं एक काम निवडा. ऑफिसमधलं, कॉलेजमधलं, घरातलं, काहीही. वहीत पाच ओळी लिहा: आधार कोणाचा, माझा भाग किती, साधनं कुणी दिली, कष्ट कुणाचे, दैव काय होतं. यातल्या एका तरी माणसाला आज फोन करा किंवा चार लोकांसमोर त्याचं नाव घ्या. कुणी 'द्या काय द्यायचं ते' म्हणालं असेल, तर योग्य ते देऊन टाका.

आणि तुमचं स्वतःचं नाव कुठे राहून गेलं असेल, तर जे बोलायचं ते शांतपणे एकदा नीट बोला. मग २.४७ म्हणा. मोठ्याने म्हणायची गरज नाही. तो आपल्या एकट्यासाठीच आहे.

उद्या तिसऱ्या अध्यायातच राहू, चौदाव्या श्लोकापासून पुढे वाचू.

रामकृष्ण हरी.